वाढला की वाढवला

आमच्या आईच्या तोंडी अशुभ शब्द येत नाही. शिव्या येतात, त्यांना काही तोटा नाही, मला तर रोज सकाळी चहाबरोबर एखादी मिळतेच. पण फुटलं, विझलं, संपलं, बंद पडलं, हे तिच्या घरात म्हणायचं नाही. काचेची बांगडी फुटली तर ती 'वाढली'. देवापुढचा दिवा विझला तर तो 'वाढला'. डब्यातले तांदूळ संपले तर तेही 'वाढले'. आणि हेच कोणी हाताने केलं असेल तर नारळ 'वाढवला', दिवा 'वाढवला', खालच्या वाण्याने शटर ओढलं की त्याने 'दुकान वाढवलं'. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'आई, गूळ संपला' म्हणाली. आईने तिच्याकडे असं काही बघितलं की तेव्हापासून तीही सगळं वाढवायला लागली.

तर कॅमेरासुद्धा आमच्याकडे बंद पडत नाही. वाढतो.

कॅमेरा हेच माझं पोट. दुकानांत, सोसायट्यांत, शिवडीच्या गोदामांत मी वायरवाले कॅमेरे बसवतो आणि बिघडले की दुरुस्त करतो. बसवणारे हल्ली गल्लोगल्ली झालेत. फॉल्ट काढणारे कमी. गिरगावातल्या जुन्या इमारतीत, जिथे कुठली वायर कुठून आली ते देवालाही सांगता येणार नाही, तिथे मला बोलावतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच, पण पुढचं कळायला ती लागेल.

फॉल्ट काढायची एक रीत असते. चित्र गेलं की लोक आधी कॅमेऱ्याला शिव्या घालतात, पण बिचारा कॅमेरा सहसा निर्दोष असतो. एकच कॅमेरा गेला तर त्याची वायर बघायची, जोड बघायचे, पिन काढून बघायची, आपल्याकडच्या दमट हवेत तिला हिरवा गंज चढतो. सगळे एकदम गेले तर वायरीच्या वाटेला जायचंच नाही, सरळ पॉवर बघायची. चित्रात आडव्या पट्ट्या सरकत असतील तर अर्थिंगचा घोळ. आणि कॅमेरा दिवेलागणीला जाऊन सकाळी आपोआप परत येत असेल तर पॉवर कमी पडतेय, कारण अंधार झाला की कॅमेऱ्याच्या आतले दिवे लागतात, ते जास्त करंट खातात, आणि लांबच्या बारीक वायरीतून तेवढा पोचत नाही. दादरच्या एका साडीवाल्याला वाटत होतं की त्याच्या दुकानाला बाहेरची बाधा आहे. मी जाड वायर ओढली, बाधा गेली.

बाहेर ही अशी माझी कीर्ती, आणि घरी माझ्याच आईच्या डोक्यावरचा कॅमेरा महिनोन्‌महिने जात होता आणि मला फॉल्ट सापडत नव्हता.

आता दादाबद्दल सांगतो. सांगायचं जिवावर आलंय, पण त्याच्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. दादा माझा मोठा भाऊ. ऑस्ट्रेलियात असतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. आई त्याला 'बाबू' म्हणते. मला 'रे' म्हणते. 'रे, डबा घेतलास का', 'रे, गॅस आला का'. आमच्या दोघांचा आवाज फोनवर इतका सारखा की सख्खी मावशीसुद्धा फसते. आधी 'बाबू का?' असं हसत विचारते, आणि मी आहे कळलं की मावशीच्या आवाजातलं हसू लगेच उतरतं. लहानपणी दादा अभ्यासाला बसला की आई रेडिओ बारीक करायची, चाळीतल्या पोरांना गॅलरीतून हाकलायची, मलासुद्धा. माझ्या परीक्षेच्या वेळी समोरच्यांकडे लग्न होतं, बँडवाला दारात, आणि आई वऱ्हाडात. दादाला तिने वाढवलं. मी आपला वाढलो.

बायकोला हे पटत नाही. ती परळला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिला माणसं बरोबर कळतात. ती म्हणते, "तू जळतोस."

"मी कशाला जळू?"

"मग त्या चपातीचे तुकडे कशाला करतोयस? खा ना."

तर झालं असं की एका दुपारी आई मोरीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण आम्ही दोघंही कामावर, दार आतून लावलेलं, शेजारणीने हाका ऐकल्या म्हणून बरं. मी टॅक्सी केली, डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधून आणली, आठवडाभर धरून धरून चालवली. आणि निर्णय कोणी घेतला, तर दादाने. फोनवरून. "आई दुपारची एकटी असते. घरात कॅमेरा लाव. मला इकडून दिसत राहील."

कल्पना चांगली होती, हाच तर त्रास. माझ्या धंद्याची गोष्ट, माझ्याच डोक्यात आली नाही. मी दोन कॅमेरे लावले, एक बाहेरच्या खोलीत, एक गॅलरीत. भिंतीला भोकं मी पाडली, चुना माझ्या डोळ्यात गेला, माळ्यावर रेकॉर्डर मी ठेवला, दादाच्या फोनमध्ये चित्र दिसावं म्हणून तासभर त्याच्याशी फोनवर मी डोकं फोडलं. आणि दिसायला लागल्यावर आई म्हणाली, "बाबूने बघ कशी सोय केली."

आईला एक खोड आहे. घरातलं कुठलंही बटण चालू दिसलं की ती ते बंद करते, माफ करा, वाढवते. टीव्हीचं, फ्रिजचंसुद्धा एकदा केलं होतं. म्हणून मी कॅमेऱ्यांच्या पॉवरचं बटण मुद्दाम उंच घेतलं, दारावर, माळ्याच्या फळीला लागून. तिथे दोन बटणं आली, एक कॅमेऱ्यांच्या पॉवरचं आणि एक रेकॉर्डर आणि इंटरनेटचं. रेकॉर्डरच्या बटणावर मी लाल पट्टी चिकटवली आणि आईला बजावलं, "लाल पट्टीला हात लावायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी." ती म्हणाली, "माझा हात पोचतोय कुठे तिथवर."

मग आमच्या घरात नाटक सुरू झालं. दुपारची जेवणं झाली की आई साडी बदलायला लागली. पूर्वी दिवसभर गाऊनवर असायची. आता इस्त्रीची साडी, केसांचा नीट अंबाडा, आणि बाबांच्या वेताच्या खुर्चीत कॅमेऱ्याकडे तोंड करून बसायची. त्या वेळी तिकडे संध्याकाळ उतरलेली असते, दादा जेवून सोफ्यावर बसलेला असतो, हे तिने घड्याळ लावून पाठ केलं होतं. घावणे केले की ताट उचलून कॅमेऱ्याला दाखवायची. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही, हे मी तिला सांगितलं होतं, तरी ती त्याच्याशी बोलायची. हे सगळं मी गिरगावात शिडीवर उभा राहून माझ्या फोनवर बघायचो. माझ्या वाट्याचे घावणे डब्यात गार झालेले असायचे. माझं डोकं फिरायचं.

मग एके दिवशी पॉवरचा डबा, कॅमेऱ्यांना वीज देतो तो, जळाला. खरोखरचा फॉल्ट, स्वस्तातला डबा नव्हता, पण जळाला. दोन्ही चित्रं गेली. चित्र गेलं की रेकॉर्डर आमच्या दोघांच्या फोनवर तसा निरोप पाठवतो, ती सोय मीच चालू केली होती. मी वरळीला कामात होतो. खिशात फोन थरथरला, बघितलं, आईला फोन लावला. लाइन व्यस्त. परत लावला. व्यस्त. जीव नुसता टांगणीला. शेवटी काम टाकून घरी पळालो, तर आई खुर्चीत बसून फोनवर हसत होती. दादाने घाबरून लगेच फोन केला होता आणि तेव्हापासून दोघं बोलतच होते. एरवी तो रविवारी करतो, तोही धावता, मागे मुलं ओरडत असतात. त्या दिवशी तो आरामात बोलला. मी तिच्यासमोर घामाघूम उभा, आणि ती मला हाताने 'थांब' म्हणत होती.

मी नवा डबा बसवला. आणि पुढच्याच आठवड्यापासून हा छळ सुरू झाला.

दुपारी दोन्ही चित्रं एकदम जायची. थोड्या वेळाने आपोआप यायची. असा आला-गेला फॉल्ट म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नकोसं दुखणं, कारण तुम्ही मीटर घेऊन पोचता तेव्हा सगळं ठणठणीत असतं. मी फोन लावावा तर लाइन व्यस्त. घरी यावं तर चित्र चालू आणि आई म्हणणार, "आज पण वाढला होता रे कॅमेरा. बाबू किती काळजीत पडला."

मी पॉवरचा डबा परत बदलला. सगळ्या पिना नव्या टाकल्या. मीटर लावून बसलो, बारा व्होल्ट, हलायला तयार नाही. माळ्यावरचे जोड उघडले, नव्याने बांधले. रेकॉर्डिंग काढून बघितलं. पॉवर कमी पडली की चित्र आधी फिकं होतं, थरथरतं, रंग जातो आणि मग जातं. इथे तसलं काही नाही. छान चित्र, आणि पुढच्या क्षणी काळं. सुरीने कापल्यासारखं. मी पुन्हा पुन्हा तो काळा होण्याचा क्षणच बघत होतो.

मग माझ्या लक्षात आलं की रविवारी फॉल्ट येत नाही. रविवारी खालची पिठाची गिरणी बंद असते. आमच्या भागातल्या कापडाच्या गेल्या, ही एक पिठाची राहिली आहे. मला वाटलं, सापडला. मोटर सुरू होताना झटका देते आणि आख्ख्या लाइनचं व्होल्टेज पाडते. मी स्टॅबिलायझर आणून बसवला, गिरणीवाल्याशी भांडलो, त्याने मला खाली सगळ्यांदेखत वेड्यात काढलं. रविवार छान गेला. सोमवारी दुपारी फोन थरथरला, दोन्ही चित्रं गायब.

दादा आता मला फोन करायला लागला. आधी गोडीत. "चांगला माल लावत जा रे. घरचं काम म्हणून उरलंसुरलं लावलंस का?" मग जरा कमी गोडीत. "तुला जमत नसेल तर सांग, मी इकडून दुसरा माणूस बुक करतो." माझ्या घरात. माझ्या वायरीवर. दुसरा माणूस. अंगाचा नुसता भडका उडाला, पण बोलणार काय, फॉल्ट तर होताच. आणि शेवटी एके दिवशी म्हणाला, "हे असं भरवशाचं नसेल तर आईला मी इकडेच घेऊन येतो. व्हिसाचं बघतोय."

त्या संध्याकाळी आईने बायकोला विचारलं, "तिकडे थंडी असते ना गो? पायमोजे मिळतील का कुठे, लोकरीचे?" बायको म्हणाली, मिळतील, दादरला मिळतील. मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, "भात टाकलास तो?" मी म्हटलं, पोट भरलं.

तेव्हापासून मला झोप नीट लागेना. प्रत्येक वेळी चित्र गेलं की वाटायचं, तिच्या व्हिसावर एक शिक्का पडला. ती जाणार. मोठ्याकडे जाणार, इस्त्रीची साडी नेसून, आणि ती जाणार ती माझ्या हातच्या कामामुळे. घरी येऊन मी चिडचिड करायचो. बायकोशी, वायरीशी, आईशीसुद्धा. आईशी तर बोलणंच कमी केलं. ती 'रे' म्हणाली की मी 'हं' म्हणायचो.

आणि मग एका रात्रीच्या जेवणाला भात खाली लागलेला निघाला. बायकोने सहज विचारलं, आई, आज भात कसा लागला? आई ताटात आमटी वाढत वाढत सांगायला लागली, "अगो, दुपारी कुकरात काय उरलं नव्हतं म्हणून म्हटलं परत टोपात टाकूया. भात ठेवला, कॅमेरा वाढवला, आणि तेवढ्यात ही शेजारीण आली पापड मागायला, तिच्याशी बोलतेय तर बाबूचा फोन. कसला भात नि कसलं काय."

बायकोने हसून लिंबू पिळलं. तिला काही कळलं नाही. माझा घास हातातच राहिला.

वाढवला. वाढला नाही, वाढवला.

माझी आई या बाबतीत कधी चुकत नाही. बांगडी आपोआप वाढते, नारळ वाढवावा लागतो. आयुष्यभर ऐकतोय मी तिचं बोलणं. मीटरने जे दाखवलं नाही, ते तिच्या एका 'व'ने दाखवलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती चटणी कोणाला हवी विचारत होती. आपण काय बोलून गेलो, हे तिच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या दुकानात काउंटरमागे बसून मी फोनवर आदल्या दुपारचं रेकॉर्डिंग परत लावलं, आणि या वेळी काळं होण्याच्या बरंच आधीपासून बघितलं. आई खुर्चीत बसलेली. घड्याळाकडे बघते. कॅमेऱ्याकडे बघते. मग उठते, पदर खोचते आणि चित्राच्या बाहेर जाते. कोपऱ्यात स्टुलाचा एक पाय सरकताना दिसतो. मग काळं. चित्र परत येतं तेव्हा खुर्ची रिकामी, मग ती येऊन बसते, फोन मांडीवर ठेवते, चष्मा पदराने पुसते. दुसरा दिवस लावला, तेच. त्याच्या आधीचा लावला, तेच. हे सगळं पहिल्यापासून माझ्याच माळ्यावर होतं. मी फॉल्ट शोधत होतो, म्हणून माणूस दिसला नाही.

लाल पट्टीला तिने एकदाही हात लावला नव्हता. मी बजावलं होतं ना. रेकॉर्डर बंद केला असता तर दादाला निरोपच गेला नसता. तिने ते इतकं तंत्र कळून केलं नव्हतं, माझा शब्द पाळला होता फक्त. आणि रविवारी फॉल्ट नव्हता, कारण रविवारी दादा स्वतःहून फोन करतो. गिरणीवाल्याची मला माफी मागायला हवी, ती मी अजून मागितलेली नाही.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. दया वगैरे नाही वाटली. राग आला. मोरीत पडलेली बाई, गुडघा धड वाकत नाही, आणि ती स्टुलावर चढते. कोणासाठी, तर बाबूसाठी. त्याचा आवाज ऐकायला. माझ्यासाठी ती कधी पाटावरसुद्धा चढली नाही. मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो, माझ्या आवाजाचं तिला काय? मी काय, आहेच. नळाला पाणी असतं तसा.

पण तो स्टुलाचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. सरकताना तो जरा डगमगला होता.

त्या शनिवारी मी लवकर घरी आलो, हत्यारांची पिशवी काढली आणि कॅमेऱ्याच्या पॉवरचं बटण खाली घेतलं. दारावरून भिंतीला वायरीची पट्टी मारत मारत थेट वेताच्या खुर्चीशेजारी, बसल्या बसल्या हात पोचेल असं. आई खुर्चीत बसून बघत होती.

"इथे कशाला घेतलंस?"

"वर कोणाचा हात पोचत नाही."

"आणि ते लाल पट्टीचं?"

"ते वरच राहू दे."

तिने बटणावरून बोट फिरवलं, दाबलं मात्र नाही. मी भोकातला चुना पुसत होतो, त्यामुळे मला तिच्या तोंडाकडे बघायची गरज पडली नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "हात धू," म्हणाली. "वाढते तुला."

दादाने विचारलं, शेवटी फॉल्ट काय होता? मी म्हटलं, "चाळीचं वायरिंग जुनं आहे. अधूनमधून जाणार कॅमेरा. गेला की आईला फोन करत जा, ती बटण बंद-चालू करेल, येईल परत."

"म्हणजे तुला सापडलाच नाही."

"नाही सापडला."

"आणि म्हणे तू कॅमेऱ्याचा माणूस," दादा हसून म्हणाला. मी गिळलं. गिरगावापासून शिवडीपर्यंत विचार म्हणावं कोणालाही, असं जिभेवर आलं होतं, तेसुद्धा गिळलं. व्हिसाचं काय झालं, हे विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

त्यानंतर दुपारी माझा फोन थरथरतो. दोन्ही चित्रं गेली. मी आईला फोन करत नाही, लाइन मोकळी ठेवतो. काम करता करता मधेच फोन काढून बघतो. काळं असेल तोवर ते दोघं बोलताहेत. काळं लांबलं की माझ्या पोटात दुखतं, आणि पटकन चित्र आलं की दादाचा राग येतो, एवढी घाई कसली मेल्याला.

परवा काय झालं, मी गिरगावात एका दवाखान्याच्या जिन्यात होतो. शिडीवर, तोंडात स्क्रू. फोन थरथरला. बघितलं, काळं. खिशात टाकला. वायर सोलली, पिन बसवली, परत बघितलं, काळं. दुसरा कॅमेरा काढून साफ केला. काळं. मला वाटलं, आज जोरात चाललंय. पण आईच्या ज्या गप्पा मला माहीत आहेत, त्यात एवढा वेळ कधी जात नाही. मग लक्षात आलं, दादाने निरोप बघितलाच नसेल. मीटिंग असेल, झोपला असेल. आणि आई तिथे बटण वाढवून बसली असेल, फोन मांडीवर घेऊन.

आधी बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. कळू दे तिला तिचा बाबू. मग ते बरं वाटणं काही टिकलं नाही. मी फोन लावला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला. "बोल, बाबू."

मी आहे, असं म्हणणार होतो. तोंडातले स्क्रू हातात घेईपर्यंत ते राहून गेलं. मी म्हटलं, "आई, चित्र गेलंय."

"हो रे, बघ ना. वाढला परत." आवाज असा की असा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं. "जेवलास?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

सकाळी तिनेच दिलेली भेंडी मी दुपारी खाल्ली होती. मी म्हटलं, भेंडी. ती म्हणाली, इकडे पण आज भेंडीच केलेली. मग ती बोलायला लागली. गुडघा रात्री ठणकतो, ते तिने मला कधी सांगितलं नव्हतं. शेजारणीच्या मुलीचं जमलं. पायमोजे आणले ते घरातच घालते, फरशी गार लागते. आणि मग म्हणाली, "ते तुझं व्हिसाचं आता राहू दे. मी काय येत नाही तिकडे. ह्याला टाकून कुठे येऊ?"

मी हातातले स्क्रू खिशात टाकले.

"धाकटा हल्ली बोलत नाही रे माझ्याशी. दमून येतो. भात टाकून उठतो. दिवसभर त्या शिड्यांवर चढतो, माझा जीव वर-खाली होतो. हाताला बघ कापलंय त्याच्या, मला दाखवलं पण नाही, मी ताट उचलताना बघितलं. तू मोठा आहेस, तूच विचार त्याला. मला म्हणेल, काय नाही."

म्हणजे रोज दुपारी हे चालायचं. मी काळ्या चित्राकडे बघून जळत असायचो तेव्हा तिकडे माझा हात, माझा भात चाललेला असायचा. आणि हे सगळं दादाला माझ्याआधी माहीत होतं, याचासुद्धा मला राग आला. मी हाताकडे बघितलं. पट्टी लावायला हवी होती.

"विचारतो," मी म्हटलं.

"विचार. बरं, ठेवते आता. कॅमेरा लावते." ती थांबली. तिकडे बटणाचा आवाज आला. "आणि तू त्या शिडीवरनं नीट उतर, फोन कानाला लावून उतरू नको."

माझ्या माहितीत दादा आयुष्यात कधी शिडीवर चढलेला नाही.